गोळी, प्रार्थना आणि शुक्रवारची साक्ष

प्रिय मावशी, सलाम.

मी मूळची नगरची. नोकरीसाठी पुण्यात खराडीला राहते, वय एकतीस. गेल्या वर्षी जूनमध्ये पप्पा गेले, हार्ट अटॅकने, घरीच. त्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला होता. मी मीटिंगमध्ये होते, कट केला. संध्याकाळी करू म्हटलं. संध्याकाळी काकांचा फोन आला.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी ऑफिसच्या कॅबमध्ये एकदम छाती धडधडायला लागली, हात बधिर झाले, आता मरतेच असं वाटलं. ईसीजी नॉर्मल निघाला. मग पुन्हा पुन्हा होत गेलं. शेवटी सायकियाट्रिस्टकडे गेले. गोळी सुरू झाली, आणि दर आठवड्याला एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे जाते. त्या विवेकनिष्ठ पद्धतीने काम करतात, विचार वहीत लिहायला लावतात. आता खूप फरक आहे. झोप लागते, कॅबमध्ये एकटी बसते.

घरी कळलं तेव्हा मम्मी म्हणाली, आपण प्रार्थना करणारी माणसं, आपल्याला हे कशाला लागतं? चर्चचे पाळक साहेब घरी आले, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि म्हणाले, विश्वास उणा पडला की भीती शिरते. वचनच आहे, प्रीतीच्या ठायी भीती नसते. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकलं की या उपचारपद्धतीचा जनक नास्तिक होता. आणि आता येत्या शुक्रवारच्या उपास-प्रार्थनेत मी ‘प्रार्थनेने बरी झाले’ अशी साक्ष द्यायची, असं ठरलंय. मम्मीने मला न विचारताच हो सांगितलं. म्हणते, तोवर गोळी सोड, म्हणजे साक्ष खरी होईल.

दुसरीकडे माझी रूममेट म्हणते, चर्च टॉक्सिक आहे, आईपासून लांब राहा, आधी स्वतःवर प्रेम कर. ती रील्स पाठवत असते. खरं सांगू का, रील्स बघून बरं वाटतं आणि बायबल उघडलं की अपराधी वाटतं. मॅडम आहेत, जर्नल आहे, श्वासाचे व्यायाम आहेत. मग येशू नेमका कशासाठी लागतो? असं मनात येणं पाप आहे का?

नगरची एक मुलगी

*

प्रिय मुली, सलाम.

आधी गोळीचं बोलते, कारण शुक्रवार जवळ आलाय. साक्षीसाठी गोळी सोडायची नाही. एक दिवसही नाही. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि एकदम सोडल्या तर चक्कर, मळमळ, झोप उडणं, डोक्यात करंट गेल्यासारखं होणं, यातलं काहीही मागे लागू शकतं. जुनं दुखणं उलटलं तर ते वेगळंच. बरं वाटायला लागल्यावरही डॉक्टर साधारण सहा महिने तरी गोळी चालू ठेवतात आणि मग डोस हळूहळू उतरवतात. तो कधी उतरवायचा हे ज्यांनी लिहून दिली त्यांनी ठरवायचं. मम्मीने नाही, पाळक साहेबांनी नाही, मीही नाही. आपल्या महिला मंडळातल्या कितीतरी बायकांच्या पर्समध्ये बीपीची नाहीतर शुगरची गोळी असते आणि ती घेऊनच त्या प्रभुभोजनाला येतात. त्यांचा विश्वास कुणी मोजायला जात नाही.

आता ‘विश्वास उणा पडला’ याबद्दल. हे वाक्य तुला सगळ्यात जास्त लागलंय, पत्रभर दिसतंय.

पहिल्या राजे पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय काढ. एलीया संदेष्टा. आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर त्याच्या प्रार्थनेने आकाशातून अग्नी उतरलाय. विश्वासाच्या परीक्षेत याहून जास्त मार्क कुणाला पडायचे? आणि लगेच पुढे ईजबेल राणीची एक धमकी येते, तसा हा माणूस पळत सुटतो, रानात एका झुडपाखाली जाऊन बसतो आणि देवाला म्हणतो, आता पुरे, माझा प्राण घे. मग झोपून जातो. देवदूत येतो तो काय करतो, ते नीट बघ. वचन सांगत नाही, कान उपटत नाही, ‘अरे कालच तर अग्नी पाहिलास’ असं म्हणत नाही. हात लावून उठवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो, पितो आणि पुन्हा आडवा होतो. देवदूत त्यावरही काही बोलत नाही. दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खाऊ घालतो आणि कारण सांगतो: वाट लांबची आहे, तुला झेपायची नाही. मग चाळीस दिवसांची चाल. देव त्याला ‘एलीया, तू इथे काय करतोस?’ असं विचारतो ते होरेब डोंगरावर पोचल्यानंतर. झोप आणि अन्न आधी, प्रश्न मागून.

तुझ्या सायकियाट्रिस्टने तुझी झोप परत आणली. बायबलमध्ये या कामाला कमीपणा कुठे दिलाय, मला सापडलेलं नाही. पौल तीमथ्याला लिहितो, तुझ्या पोटासाठी आणि वरचेवरच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेत जा. विश्वास वाढव म्हणजे पोट बरं होईल, असं लिहीत नाही. त्याच पौलाचा सोबती लूक वैद्य होता. आणि स्वतः पौल करिंथकरांना सांगतो की आशियात आमच्यावर असा भार आला की जगण्याची आशाही आम्ही सोडून दिली. गेथशेमाने बागेत प्रभू शिष्यांना म्हणतो, माझ्या जिवाला मरणप्राय अति खेद झाला आहे, तुम्ही इथे राहा, माझ्याबरोबर जागे असा. त्याला त्या रात्री सोबत हवी होती. ते झोपून गेले, तो भाग वेगळा. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं. शेवटी ‘तरीपण स्तुती करीन’ अशी ओळसुद्धा नाही, आणि तरी ते स्तोत्रसंहितेत आहे, कुणी काढून टाकलेलं नाही.

पाळक साहेबांनी दिलेलं वचन खरंच आहे, पण ते जरा वरून वाच. योहानाच्या पहिल्या पत्रात, चौथ्या अध्यायात, आधीच्याच ओळीत न्यायाच्या दिवसाचा विषय आहे आणि पुढे लगेच म्हटलंय की भीतीमध्ये शासन असतं. म्हणजे देव आपल्याला शिक्षा करील या भीतीबद्दल ते बोलणं चाललंय. कॅबमध्ये छाती धडधडण्याबद्दल नाही. गंमत अशी की ते वचन ऐकून तुला नेमकी तीच भीती लागली. बायबल उघडलं की अपराधी वाटतं, असं तूच लिहितेस.

पण पाळक साहेबांवर फार रागावू नकोस. ते घरी आले. आजकाल कोण येतं? पाळकांना मनाच्या आजारांचं शिक्षण किती मिळतं, हा प्रश्न त्यांना नाही, त्यांना शिकवणाऱ्यांना विचारायला हवा. हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका पाळकानेच विचारला होता. अँटन बॉइसन त्याचं नाव, अमेरिकेतला. १९२० साली त्याचं स्वतःचं मन इतकं बिघडलं की मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. बाहेर आल्यावर तो मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात चॅप्लेन, म्हणजे रुग्णालयातला पाळक, झाला आणि १९२५ पासून सेमिनरीच्या विद्यार्थ्यांना वॉर्डात आणून शिकवू लागला. त्याचं म्हणणं, पुस्तकं वाचता तसे हे जिवंत माणसांचे दस्तऐवजही वाचा. आज जगभर हॉस्पिटलमधल्या चॅप्लेनना जे प्रशिक्षण देतात त्याची सुरुवात तिथली. दुसरा लंडनचा चॅड व्हॅरा. अँग्लिकन धर्मगुरू. अगदी तरुणपणी त्याच्या हातून पहिला अंत्यविधी झाला तो एका चौदा वर्षांच्या मुलीचा. पाळी आली ती तिला घाणेरडा रोग वाटली, विचारायला कुणी नव्हतं, तिने जीव दिला. १९५३ साली व्हॅराने आत्महत्येचे विचार येणाऱ्या लोकांसाठी चर्चमध्ये टेलिफोन ठेवला. लोक फोन करू लागले, भेटायलाही येऊ लागले, रांग लागली. बाहेर थांबलेल्यांना चहा द्यायला आणि सोबत बसायला काही स्वयंसेवक होते. काही दिवसांनी व्हॅराच्या लक्षात आलं की बरेच जण त्या चहावाल्यांशी बोलूनच हलके होऊन जातात, आत त्याच्यापर्यंत येतच नाहीत. त्याने पुढे कामच त्या स्वयंसेवकांच्या हाती दिलं. समॅरिटन्स ही संस्था ती हीच.

तेव्हा, थेरपी म्हणजे परक्या धर्माची चीज, असं मम्मीला वाटत असेल तर हे दोन पाळक तिला सांग.

राहिला नास्तिक जनक. ग्रुपवरचा मेसेज या वेळी खोटा नाही, हे एक आश्चर्यच. अमेरिकन मानसतज्ज्ञ आल्बर्ट एलिसने १९५५ च्या सुमारास ही विवेकनिष्ठ पद्धत मांडली, तो स्वतःला नास्तिक म्हणवायचा आणि कट्टर धार्मिकता आणि मनाचं अस्वास्थ्य हातात हात घालून चालतात असं १९८० साली त्याने छापून लिहिलं. पण मेसेज अर्धाच आला. पुढे त्याने हे मत सौम्य केलं आणि २००१ साली दोन श्रद्धावान मानसतज्ज्ञांबरोबर, धार्मिक माणसांवर ही पद्धत कशी वापरावी याचं पुस्तकच लिहिलं. आपल्याकडे ती मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांच्यामुळे रुजली आणि आज मराठी माणूस ज्या सहजतेने ‘विचार बदला, भावना बदलेल’ म्हणतो त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. तुझी वही मी पाहिलेली नाही, पण त्यात काय असेल याचा अंदाज आहे. घटना, तिच्याबद्दलचा माझा विचार, त्यातून आलेली भावना, आणि मग त्या विचाराला उलटतपासणी. आता बेचाळीसावं स्तोत्र बघ: ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास? तू आतल्या आत का तळमळत आहेस?’ माणूस स्वतःच्याच जिवाला प्रश्न विचारतोय, आणि एकदा विचारून भागत नाही म्हणून पुन्हा विचारतोय. उलटतपासणी आपल्याला नवी नाही. स्तोत्रकर्ता शेवटी देवाची आशा धर म्हणतो, एलिस तसं म्हणणार नाही. तेवढा फरक आहे, आणि तो तुझ्या मॅडमना लपवायचंही कारण नाही. मी ख्रिस्ती आहे, माझ्या विचारांत देव येणार, असं त्यांना सरळ सांग. चांगली थेरपिस्ट त्याची टिंगल करत नाही आणि त्याच्यावर प्रवचनही देत नाही.

आता रूममेटच्या रील्स. इथे माझी जीभ जरा तिखट होईल, सांभाळून घे.

तुझी मॅडम आणि ती रील यांना तू एकाच पिशवीत घातलंयस. तशी ती नाहीत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायला वर्षानुवर्षं शिकावं लागतं, रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे नाव नोंदवावं लागतं, नोंदणी क्रमांक विचारला तर दाखवावा लागतो. लाइफ कोच व्हायला फोनचा स्टँड आणि रिंग लाइट पुरतो. मॅडम तुला अवघड काम देतात. कॅबमध्ये बस, भीती येऊ दे, पळू नकोस. रील म्हणते, तू जशी आहेस तशीच परिपूर्ण आहेस, तुला त्रास देणारी माणसं काढून टाक. त्यातलं कुठलं ऐकायला गोड आहे हे सांगायला नको.

आणि चर्च यात स्वच्छ आहे असंही नाही. ‘सकारात्मक विचारांची शक्ती’ हा जो आजचा परवलीचा शब्द झालाय, तो १९५२ साली पुस्तकातून जगभर नेणारा नॉर्मन व्हिन्सेंट पील हा न्यूयॉर्कच्या एका मोठ्या चर्चचा पाळक होता. म्हणजे तुझ्या रूममेटच्या रीलचं एक मूळ पुलपिटावरच सापडतं. ‘जो स्वतःला मदत करतो त्यालाच देव मदत करतो’ हे वचन तू उपदेशात ऐकलं असशील. बायबलमध्ये शोध, सापडणार नाही. बेंजामिन फ्रँकलिनच्या पंचांगात ते १७३६ साली छापलंय, आणि त्याच्याही आधी इसापाच्या गोष्टीत तो भाव आहे. १८५९ साली सॅम्युएल स्माइल्सने स्वावलंबनावरचं आपलं गाजलेलं पुस्तक सुरू केलं तेही याच म्हणीने. आपण ते वचन म्हणून पाठ केलं. सुवार्ता याच्या उलट आहे: ज्याला स्वतःला मदत करता येत नाही त्याच्यासाठी तो आला.

२००५ साली ख्रिश्चन स्मिथ आणि मेलिंडा डेंटन यांनी अमेरिकेतल्या किशोरवयीन मुलांच्या श्रद्धेचा मोठा अभ्यास छापला. चर्चला जाणाऱ्या मुलांनाही त्यांनी विचारलं, तुम्ही नेमकं काय मानता? उत्तरांचा सारांश असा निघाला: देव आहे, त्याला वाटतं आपण चांगलं वागावं, आयुष्याचा हेतू म्हणजे आनंदी राहणं आणि स्वतःबद्दल बरं वाटणं, आणि अडचण आली की देवाला बोलवायचं, एरवी तो लांबच बरा. पाप नाही, क्रूस नाही, पुनरुत्थान नाही. दारात उभा असलेला मदतनीस. हे अमेरिकेचं झालं, पण आपल्या तरुण संघाच्या शिबिरात हल्ली काय बोललं जातं ते मी ऐकते. यशाच्या सात पायऱ्या, देव तुझं स्वप्न पूर्ण करील, आणि मधे एखादं वचन कोथिंबिरीसारखं भुरभुरवलेलं. तुला ‘येशू कशासाठी लागतो’ असा प्रश्न पडला यात नवल नाही. बरं वाटण्यासाठीच येशू आहे असं आपणच तुला शिकवलं असेल, तर बरं वाटण्याचा दुसरा उपाय मिळाल्यावर तू त्याला विचारणारच, आता तुझं काय काम?

त्यामुळे नाही, तो विचार पाप नाही. तो फार रास्त प्रश्न आहे.

त्याचं उत्तर मला तुझ्याच पत्रात दिसलं, ज्या ओळी तू पहिल्या परिच्छेदात उरकून टाकल्यास त्यात. पप्पांचा फोन.

त्यावर तू मॅडमशी बोलली असशील तर त्यांनी तुला विचारलं असेल: फोन उचलला असतास तर पप्पा वाचले असते का? त्या फोनवर ते छातीत दुखतंय असंच सांगणार होते, हे तुला कशावरून माहीत? मीटिंगमध्ये फोन कट करणारी मुलगी म्हणजे बापाला मारणारी मुलगी, हे गणित कुठून आलं? बोलली नसलीस तर या आठवड्यात बोल. हे काम त्यांचंच आहे आणि त्या ते माझ्यापेक्षा, पाळक साहेबांपेक्षा चांगलं करतील. कारण तुझ्या अपराधीपणाचा मोठा भाग खोटा आहे. खोट्या अपराधासाठी क्षमा मागत बसलं तर क्षमा मिळाल्यासारखी वाटतच नाही आणि माणूस रोज नव्याने मागत राहतो. अशी माणसं आपल्या मंडळ्यांमध्ये खूप आहेत. दर उपासनेत रडतात, आणि आपण त्याला आत्म्याचं काम म्हणतो.

पण सगळं खोडून झाल्यावर वहीच्या तळाशी कदाचित काहीतरी उरेल. फार मोठं नसेल. म्हणजे, त्या वर्षभरात पप्पांचे फोन तू बऱ्याचदा असेच टाळलेस. किंवा त्यांचं बोलणं लांबतं म्हणून कंटाळलीस. हे मी बनवून सांगतेय, तुझं काय असेल ते तुला माहीत. जे उरेल ते चुकीचा विचार नसतं, ते खरंच घडलेलं असतं. त्याची उलटतपासणी होत नाही. मॅडम फार तर म्हणतील, माणूस आहेस, स्वतःला माफ कर. तेही काही वाईट नाही. पण ज्याचं देणं लागतो तो माणूस तर मातीखाली आहे, आणि ऋणकोने स्वतःच स्वतःचं कर्ज माफ करून टाकावं हा व्यवहार मनाला पटत नाही. तिथे येशू लागतो. तो तुला ‘काही झालंच नाही’ असं सांगत नाही. झालं, आणि ते मी घेतलं, असं सांगतो. हा अधिकार सायकॉलॉजिस्टकडे नाही, चांगली सायकॉलॉजिस्ट तो मागतही नाही. आणि पप्पांचं म्हणशील, तर ते आता कुठे आहेत, पुन्हा भेटतील का, हा प्रश्न तिच्या फॉर्मवर नसतोच.

यासाठी वेगळं काही करायला नको. पुढच्या प्रभुभोजनाच्या आधी पापांगीकाराची प्रार्थना होईल तेव्हा एरवी आपण सगळे ती पाठ असल्यासारखी म्हणतो. त्या दिवशी तू तिच्यात तो उरलेला तुकडा घाल, मनातल्या मनात, नाव घेऊन. मग भाकर घे आणि घरी ये. पुन्हा तीच क्षमा मागायची नाही. मन पुन्हा तिथेच गेलं तर त्यावर वहीत काम कर, कारण ते आता दुखण्याचं आहे, पापाचं नाही.

प्रार्थनेत गोड बोलता येत नसेल तर बोलू नकोस. तेरावं स्तोत्र ‘किती वेळ, हे परमेश्वरा?’ म्हणून सुरू होतं. त्या सुरात बोल. मराठी ख्रिस्ती माणसाला तर हा सूर दोन्हीकडून आलाय. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. व्याख्यानांत तुकोबांचं ‘मन करा रे प्रसन्न’ हमखास ऐकू येतं. ‘रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग’ म्हणणारेही तुकोबाच, पण ती ओळ सोडून देतात.

आता मम्मी. तिने तुला न विचारता तुझी साक्ष ठरवली, हे चुकलं. ते तिला सांगायचं, आवाज न चढवता, पण सांगायचं. आईबापांचा मान राखणं म्हणजे एकतिसाव्या वर्षी त्यांनी ठरवलेलं बोलणं नव्हे. खुद्द प्रभूनेही लोकांच्या मागण्यांना मर्यादा घातल्या. मार्काच्या पहिल्याच अध्यायात सगळं गाव त्याला शोधतंय आणि तो पहाटेच उठून एकांतात गेलाय. पेत्र म्हणतो, सगळे तुला शोधताहेत. तो म्हणतो, चला, दुसऱ्या गावी जाऊ. पण तोच प्रभू क्रूसावरून, त्या अवस्थेत, आईला शिष्याच्या स्वाधीन करतो. रील तुला पहिली गोष्ट सांगेल, मंडळीतल्या म्हाताऱ्या बायका दुसरी सांगतील. तुला दोन्ही लागणार आहेत.

एक विचारू? पप्पा गेले तेव्हा मम्मीचा नवराही गेला. तुझ्या पत्रात ती फक्त बोलते, अडवते, ठरवते. ती रात्री झोपते का? एकटी जेवते का? तुला कॅबमध्ये जे झालं तसं तिला स्वयंपाकघरात होत असेल आणि ती त्याला ‘सैतानाचा हल्ला’ म्हणत असेल, तर कळणार कसं? तुझ्या साक्षीची तिला इतकी घाई का, याचा विचार करताना मला वाटलं, तिला या वर्षात एक तरी चांगली बातमी हवी आहे. म्हणून तिच्यापासून लांब राहा, हा रूममेटचा सल्ला मला मान्य नाही. रोज रात्री एक ठरलेली वेळ धर, तेव्हा नीट बोल, आणि त्या वेळेबाहेरच्या ‘गोळी सोडलीस का’ला उत्तर देऊ नकोस. आणि पुढच्या अपॉइंटमेंटला तिला पुण्याला बोलव. डॉक्टरांना आधी विचारून घे. गोळी काय करते हे त्यांनी तिला पाच मिनिटं सांगितलं तर माझ्या या पानापेक्षा जास्त उपयोग होईल.

शुक्रवारचं. साक्ष द्यायचीच नसेल तर नको देऊस. पाळक साहेबांना आधी फोन करून सांग की मी अजून तयार नाही, मम्मीने घाई केली. द्यायची असेल तर खरी दे. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा देवाच्या बाजूने दिलेल्या साक्षीलाही लागू आहे. शिवाय त्या सभेत मागच्या बाकावर कुणीतरी असं बसलेलं असेल, ज्याच्या खिशात तीच गोळी आहे. तू ‘फक्त प्रार्थनेने’ म्हणालीस तर तो माणूस घरी जाऊन गोळी फेकून देईल.

मी तुझ्या जागी असते तर एवढंच म्हटलं असतं: ‘पप्पा गेल्यावर मला भीतीचे झटके यायला लागले. देवाने मला डॉक्टर दिले, गोळी दिली, एक मॅडम दिल्या, आणि तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना केलीत. मी अजून गोळी घेते. अजून पुरती बरी नाही. माझ्यासाठी आणि मम्मीसाठी प्रार्थना चालू ठेवा.’ मग खाली बसायचं.

हे आधी पाळक साहेबांना वाचून दाखव. गोळीचा शब्द गाळ म्हणाले, तर नम्रपणे नाही म्हण आणि साक्ष राहू दे. हो म्हणाले, तर त्यांना बॉइसनबद्दल सांग. मला वाटतं त्यांना आवडेल.

इतर वाचकांसाठी: अशीच भीती, सततची उदासी किंवा जीव द्यावासा वाटणं तुमच्या घरात असेल, तर टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र सुरू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं. पाळकांनीही हा क्रमांक मंडळीच्या सूचनाफलकावर लावायला हरकत नाही.

तुझी,
मावशी